एका गाणाऱ्यामागची माणसे

शास्त्रीय गाण्याच्या कुठल्याही मैफलीचे निमंत्रण हातात घ्या. गायकाचे नाव ठसठशीत, शेजारी छायाचित्र. त्याखाली बारीक अक्षरांत तबला आणि संवादिनी. जागा उरली असेल तर तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्यांची नावे. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याचे नाव आले तर तेही त्याच्या दुकानाच्या नावाने, जाहिरातीच्या चौकटीत. आणि चार महिन्यांपूर्वी तारीख पक्की करून, बिदागीचे बोलून, तिकिटे काढून ठेवणारा माणूस तर कुठेच नसतो.

गाणे एकाच्याच गळ्यातून येते, हे खरे. पण ते गळ्यापर्यंत पोचायला आणि तिथून श्रोत्यांच्या कानांपर्यंत जायला जी माणसे लागतात, ती जमवणे हेही कलाकाराचेच काम असते, आणि ते आपल्याकडे कुणी शिकवत नाही. गुरू राग शिकवतो, ताल शिकवतो, मैफल कशी बांधावी तेही सांगतो. हिशेब कुणाच्या हाती द्यावा, तबलजीशी पैशांचे कधी बोलावे, स्वतःला ‘हे करू नका’ असे सांगायचा हक्क कुणाला द्यावा, हे मात्र शिष्याने बघून बघून उचलायचे. पुष्कळांना ते उचलता येत नाही. मराठी संगीतात ही माणसे जमण्या-न जमण्याचे दोन ठळक दाखले आहेत आणि योगायोगाने दोघेही गंधर्व आहेत.

पहिले बालगंधर्व. १९१३ साली नारायणराव राजहंस (म्हणजेच बालगंधर्व), गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे तिघे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. नुसती नावे वाचली तरी हेवा वाटावा अशी ही जुळणी होती. नारायणरावांचा गळा आणि रूप, बोडसांचा कसलेला अभिनय, आणि टेंब्यांच्या हाती पेटी आणि चाली. १९११च्या ‘मानापमान’चे संगीत टेंब्यांचेच. पुढे १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. ते स्वतः मोठे ख्यालगायक आणि बालगंधर्वांचे गुरू. आपल्या शिष्याचा गळा कुठे खुलतो आणि कुठे आखडतो हे ज्याला आतून ठाऊक आहे, त्यानेच चाल बांधली तर काय होते, ते ‘स्वयंवर’ने दाखवले.

साथीलाही तसेच लोक. तबल्यावर मुनीरखाँचे शिष्य अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. मुरादाबादकडचा एवढा मोठा तबलिया मराठी नाटक कंपनीत वर्षानुवर्षे राहतो, हे आज ऐकायला नवल वाटते. पण त्यामागे व्यवहार होता. कंपनीत पगार होता, राहण्याजेवण्याची सोय होती आणि रोज साथ करावीशी वाटेल असा गळा समोर होता. ‘वन्समोअर’ आला की तेच पद पुन्हा गायचे, पण जसेच्या तसे नाही. एखादी जागा बदलायची, एखादी तान कमी करायची, समेवर वेगळ्या वाटेने यायचे. हे गायकाने आधी सांगून ठेवलेले नसते. त्याच्या मागोमाग जाणारी सारंगी, सूर धरून ठेवणारा ऑर्गन आणि ठेक्याचा तोल न सोडणारा तबला यांना ते त्या क्षणी ओळखावे लागते. असा अंदाज रोज रात्री एकत्र वाजवूनच येतो. मोठमोठे वादक ऐनवेळी भाड्याने आणून तो विकत घेता येत नाही.

मग ही कंपनी कर्जात का गेली? भागीदार एकेक करून गेले, हे एक कारण. टेंबे थोड्याच वर्षांत बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज संगीत मंडळी काढली. बोडसही नंतर वेगळे झाले. मालकीचा भार एकट्या बालगंधर्वांवर आला, आणि या माणसाला खर्चाची मर्यादा ठाऊक नव्हती. अस्सल जरीचे शालू, खरे अत्तर, ‘द्रौपदी’साठी (१९२०) उभारलेला थाट. प्रेक्षकाला खोटे काही दाखवायचे नाही, ही त्यांची निष्ठा होती आणि तिचे बिल दर महिन्याला येत होते. १९२१च्या सुमारास कर्जाचा आकडा उघड झाला तेव्हा तो लाखाच्या घरात होता. ते कर्ज त्यांनी नाटके करून, गाऊन फेडले. त्याच १९२१च्या जुलैत केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीबरोबर मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एका रंगमंचावर आले. लोक त्या रात्रीबद्दल पुढे कितीतरी वर्षे बोलत राहिले.

बोलपट आल्यावर नाटक कंपन्यांची घडीच विसकटली. बालगंधर्व प्रभात कंपनीशी भागीदारी करून ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथ झाले. पण भागीदारी त्या एका चित्रपटापलीकडे गेली नाही. या सगळ्याचा अर्थ मी असा लावतो. त्यांच्या गाण्याची बाजू सांभाळायला त्या काळातली उत्तम माणसे होती. पैशांच्या बाजूला मात्र ज्याचा शब्द मालकालाही मोडता येणार नाही, असा एकही माणूस नव्हता. कौतुक करणारे भोवती शेकड्याने होते. मैफलीत दाद देणारा आणि हिशेबात दाद न देणारा अशी दोन वेगळी माणसे लागतात, आणि दुसरे माणूस शोधणे फार अवघड जाते, कारण ते कुणालाच आवडत नाही.

दुसरे गंधर्व कुमार. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, जन्म १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करणारा मुलगा म्हणून गाजलेला. १९३६च्या सुमारास तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांच्या स्कूल ऑफ इंडियन म्युझिकमध्ये आला. कुमारच्या वाटचालीत भेटलेले सगळ्यांत महत्त्वाचे माणूस देवधर मास्तर, असे माझे मत आहे. अशा मुलाला गावोगाव फिरवून भरपूर पैसा मिळाला असता. मास्तरांनी त्याला शाळेत ठेवून घेतले, वेगवेगळ्या घराण्यांचे गवई ऐकवले आणि वाढायला वेळ दिला. तरुण कलाकाराला पहिली गरज असते ती हीच. त्याला आत्ताच विकून टाकायची घाई नसलेले कुणीतरी जवळ हवे.

मग १९४७-४८. भानुमती कंस यांच्याशी लग्न झाले आणि लगेच क्षयाने गाठले. कोरडी हवा म्हणून दोघे मध्य प्रदेशात देवासला गेले. डॉक्टरांनी गायला मनाई केली. पुढची पाचेक वर्षे गाणे बंद. भानुमतीबाई स्वतः देवधरांच्या शाळेतल्या, कुमारजींकडे शिकलेल्या गायिका. त्यांनी देवासच्या शाळेत नोकरी धरली, घर चालवले, शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध मिळाले आणि हळूहळू तब्येत सुधारली. त्या अंथरुणातल्या वर्षांत कानांवर पडणारी माळव्याची लोकगीते कुमारजी ऐकत राहिले. लोकधुनांतून उगवलेल्या त्यांच्या पुढच्या धुनउगम रागांचे मूळ तिथेच सापडते. या नव्या गाण्याला घाई न करता वाढू देता आले, कारण घरचा खर्च दुसरे कुणीतरी उचलत होते. कलाकारामागचा ‘संघ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्यवस्थापक आणि जाहिरातवाले येतात. कुमारजींच्या संघात पहिले नाव त्या शाळेतल्या बाईंचे लिहायला हवे.

इंदूर-देवासच्या परिसरात मित्रांचे एक कोंडाळे होते. ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, रसिक रामूभैया दाते. मुंबई-पुण्याकडे पु. ल. देशपांडे आणि वामनराव देशपांडे. वामनराव हे मोठे गमतीचे उदाहरण आहे. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, गाणे शिकले मोगूबाई कुर्डीकरांकडे, आणि १९६१ साली ‘घरंदाज गायकी’सारखे पुस्तक लिहिले. हे लोक कुमारजींच्या पगारावर नव्हते. त्यामुळे नव्या प्रयोगाबद्दल ते मोकळेपणाने बोलू शकत. परंपरेला धक्का देणाऱ्या गायकाला आंधळे भक्त आणि आंधळे शत्रू दोन्ही आपोआप मिळतात. कान असलेला मित्र मिळवावा लागतो.

मंचावरचा संघ लहान होता, पण पक्का. तबल्यावर वर्षानुवर्षे वसंतराव आचरेकर, पेटीवर पुष्कळदा गोविंदराव पटवर्धन. भानुमतीबाई १९६१ साली गेल्या. नंतर दुसऱ्या पत्नी वसुंधराताई आयुष्यात आल्या आणि मंचावर तंबोऱ्यासह त्यांचा आवाजही मागे उभा राहिला. आचरेकरांचा ठेका ऐकून पाहा. स्वतःचे कौशल्य दाखवायची कितीतरी मोकळी जागा असते आणि ते ती तशीच राहू देतात. कुमारजींच्या गाण्यातले अचानक थांबणे आणि अनपेक्षित उचल उठून दिसते, त्याचे बरेच श्रेय मागच्या त्या सरळ, स्वच्छ ठेक्याला आहे. ‘गीतवर्षा’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ अशा एका विषयावर बांधलेल्या मैफली त्यांनी केल्या, त्याही अशाच माणसांच्या भरवशावर. नवी रचना, नवा क्रम, नवी कल्पना साथीदाराला दर वेळी मुळापासून समजावत बसायचे झाले तर कल्पनाच थकून जाते.

आता मंचावरच्या कामाकडे जरा बारकाईने पाहू, कारण बाहेरून ते सोपे दिसते.

सुरुवात तंबोऱ्यापासून. मिरजेला तंबोरे आणि सतारी करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. तिथल्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचे काम सोडून हे काम हाती घेतले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. गायक अब्दुल करीमखाँही मिरजेलाच स्थायिक झाले होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा प्राण जवारीत असतो. घोडीचा पृष्ठभाग इतका अचूक घासायचा की तार तिला हलकेच चाटत राहावी आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलावेत. घोडी झिजली की आवाज बसतो. म्हणून चांगल्या गायकाच्या ओळखीत जवारी काढणारा एक कारागीर असतोच, आणि मैफलीच्या आठवडाभर आधी त्याला फोन जातो. हा माणूस कुठल्याच यादीत येत नाही. त्याचे काम बिघडले तर मात्र पहिला षड्ज लावतानाच गायकाच्या कपाळावर आठी पडते.

तंबोऱ्यावर बसणारा शिष्य नुसता तार छेडत नाही. दोन तंबोरे एकमेकांशी जुळलेले ठेवणे, हवेतल्या दमटपणाने खुंटी सरकली तर गाणे न थांबवता सूर वर घेणे, गुरूने श्वास घेतला तिथे आवाज देणे आणि नको तिथे गप्प बसणे, हे सगळे त्याच्याकडे असते. शिकण्याची यापेक्षा चांगली जागा नाही.

तबलजीकडे पाहा. बाईंचा स्वर काळी चार किंवा पांढरी पाच असेल तर दाया लहान तोंडाचा लागतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषासाठी मोठ्या तोंडाचा. तोंड चुकीचे निवडले तर शाई कितीही चांगली असो, गठ्ठे ठोकून सूर येईल, पण नाद मरेल. म्हणून गायकाचा स्वर आधी कळवणे हा साधा शिष्टाचार आहे, आणि तो विसरणारे आयोजक कमी नाहीत. विलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन सुमारे मिनिटभर चालू शकते. म्हणजे एका मात्रेला पाचेक सेकंद. इतक्या मंद लयीत प्रत्येक मात्रा तितक्याच अंतरावर पडली पाहिजे, आणि ती पडावी म्हणून मधली जागा भरायचा मोह आवरला पाहिजे. तबलजीची खरी परीक्षा इथे होते. द्रुतात टाळ्या मिळतात, त्याचे काम मात्र विलंबितातच ठरते.

पेटीची गोष्ट वेगळी. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. कारण असे की तिचे सूर ठोकळ्यासारखे ठरलेले, मींड घेता येत नाही, आणि आपल्या रागातल्या सूक्ष्म श्रुती तिच्यातून निघत नाहीत. ही बंदी १९७१च्या सुमारास सैल झाली. बंदीचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. पण चांगला पेटीवाला त्या मर्यादेवर काय उपाय करतो ते पाहावे. जिथे गायक स्वर हलवतो तिथे तो पेटीचा सूर हळूच सोडून देतो, आणि गायक श्वास घेतो तेवढ्यात तो सोडलेली ओळ पुढे नेतो. गायकाच्या पुढे जायचे नाही आणि फार मागेही राहायचे नाही. गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या मंडळींनी पेटीला साथीच्या वाद्याचा मान मिळवून दिला तो असा.

आणि ध्वनिव्यवस्था. याबद्दल आपल्याकडे इतके अज्ञान आहे की एखाद्या छोट्या गावातल्या कार्यक्रमात लग्नाच्या डीजेचाच संच लावलेला सापडतो. मंचावरच्या मॉनिटरमध्ये गायकाला स्वतःचा आवाज पुरेसा ऐकू आला नाही तर तो नकळत आवाज वाढवतो. हा शरीराचाच स्वभाव आहे. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. तीन तास असे गायले की दुसऱ्या दिवशी गळा बसतो, आणि दोष दिला जातो तो थंड पाण्याला. म्हणून ध्वनी पाहणारा माणूस गळ्याचाही रखवालदार असतो. गाणाऱ्याचा आवाज, तंबोऱ्याची पातळी, डग्ग्याचा घुमारा किती ठेवायचा, एको किती, हे ज्याने आधी ऐकले आहे असा एक माणूस शक्य झाले तर प्रत्येक मैफलीला बरोबर न्यावा. परवडत नसेल तर निदान आपल्या गरजा एका कागदावर लिहून आधी पाठवाव्यात. मोठ्या कलाकारांचे लोक अशा कागदाला टेक्निकल रायडर म्हणतात. त्यात मायक्रोफोन किती, मॉनिटर किती, साउंडचेकला वेळ किती, आसन किती उंच, हे सारे असते.

आता पैसा. आपल्याकडे रीत अशी की आयोजक एकच पाकीट मुख्य कलाकाराच्या हाती देतो आणि साथीदारांचे त्याने पाहायचे. कधी तो चांगले पाहतो, कधी नाही. साथीदार विचारत नाहीत, कारण विचारणे बरे दिसत नाही. याच न विचारण्यातून अनेक वर्षांच्या जोड्या फुटल्या असतील, असा माझा अंदाज आहे. फुटताना कारण दुसरेच सांगितले जाते. यावरचा उपाय भावनिक नाही, साधा आहे. तारीख घेतानाच साथीदाराचे मानधन आकड्यात सांगावे, प्रवासखर्च वेगळा धरावा, कार्यक्रम रद्द झाला तर किती मिळेल तेही बोलून घ्यावे, आणि हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून ठेवावे. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या एका सादरीकरणाचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे पुष्कळ कलाकारांना ठाऊक नसते. ध्वनिमुद्रणासारख्या इतर कामांना ही सवलत नाही. म्हणून वर्षातून दोनदा तरी हिशेब बघणारा, गाण्याबद्दल काहीही मत नसलेला एक अकाउंटंट लागतो. मत नसणे ही त्याची पात्रताच समजावी.

ध्वनिमुद्रण निघते तेव्हा तर कागद आणखी महत्त्वाचे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क त्यांनी कुणाला लिहून दिला तरी सुटत नाही, असे तिने ठरवले. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो, इतकेच. गीत आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, ध्वनिमुद्रणाचे प्रसिद्धीपासून ६० वर्षे, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा कलावंत म्हणून हक्क ५० वर्षे. गायकांच्या रॉयल्टीचे भांडण तसे जुने. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात ते उघडपणे मांडले, त्यावरून मोहम्मद रफींशी काही वर्षे अबोला राहिला. गायकांची स्वतःची हक्कसंस्था मात्र २०१३ साली उभी राहिली, आणि पुढे तिच्या नावात वादकही आले. कायद्याच्या दृष्टीने तबलजीही ‘परफॉर्मर’ आहे, हे बहुतेक तबलजींनाच माहीत नाही.

इथे कामाला येतो तो संघातला सगळ्यांत कंटाळवाणा माणूस, म्हणजे नावे भरणारा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. गाणे ॲपवर जाताना त्याबरोबर गीतकार, संगीतकार, वादक, संयोजक यांची नावे भरायची असतात. ती अर्धवट किंवा चुकीच्या स्पेलिंगने गेली की पैसे योग्य माणसापर्यंत पोचण्याची वाटच तुटते. हिंदी चित्रपटसंगीतात हे नावांचे प्रकरण फार दुःखद आहे. गोव्यातून मुंबईला आलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा अशा संयोजकांनी वाद्यवृंदाची अख्खी बांधणी लिहिली. सेबास्टियन हे शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे कितीतरी वर्षांचे संयोजक. पण रेडिओवर त्यांचे नाव ऐकू येत नसे. गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोचले ते ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका पात्रामुळे, तेही त्यांच्या कामाचा काही पत्ता न लागता.

मग नव्या कलाकाराने कुठून सुरुवात करावी? व्यवस्थापकापासून नाही. हातात तारखाच नसताना तारखा सांभाळणारा माणूस ठेवणे म्हणजे बैलगाडी घ्यायच्या आधी गाडीवान ठेवण्यासारखे. आधी एक तबलजी, ज्याच्याबरोबर आठवड्यातून एकदा तरी रियाज होईल. तोही शिकाऊच असला तर बरे, दोघे मिळून वाढतात. मग एक ऐकणारा माणूस, जो मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून ‘तिसऱ्या बंदिशीत लय ढळली’ असे सांगू शकतो. घरातला असला तरी चालतो. बहुतेक वेळा तो घरात नसतो, कारण घरच्यांना एकतर सगळेच आवडते किंवा काहीच आवडत नाही. ध्वनिमुद्रण आणि हिशेब पाहणारे लोक काम वाढेल तसे येतात. सोशल मीडिया पाहणारे सर्वांत शेवटी आणि थोड्याच वेळासाठी असावेत. रोज एक रील टाकायची म्हणून रोज रियाजाची वेळ गेली तर हा सौदा महागात पडतो, असे मला वाटते.

आणि माणसे जातात, हेही धरून ठेवावे. चांगला तबलजी पुढे स्वतंत्र वादक होतो, शिष्य स्वतःच्या मैफली घेऊ लागतो, मदत करणारा मित्र परदेशी नोकरीला जातो. हे झाल्यावर रुसून बसणारे कलाकार मी पाहिले आहेत. त्यापेक्षा नेहमीच्या तबलजीखेरीज दुसऱ्या एखाद्या तबलजीबरोबर वर्षातून तीन-चार मैफली मुद्दाम कराव्यात. आधी दिलेली तारीख दुसरे मोठे निमंत्रण आल्यावर मोडायची नाही, हा नियम मात्र सगळ्यांना सारखा लागू असावा. कलाकारालाही.

आयोजकांबरोबरच्या नात्याबद्दल किशोरी आमोणकरांचे उदाहरण नेहमी दिले जाते, बहुतेकदा तक्रारीच्या सुरात. तंबोरे जुळवायला त्या किती वेळ घेत, प्रकाश कसा हवा, श्रोत्यांनी कधी आत यावे, यावर त्या अडून बसत, म्हणून त्या तऱ्हेवाईक ठरल्या. पण त्यांची आई मोगूबाई कुर्डीकर यांच्याबरोबर त्या लहानपणापासून मैफलींना जात होत्या. एवढ्या मोठ्या गायिकेला आयोजकांकडून कमी बिदागी आणि कमी मान मिळताना त्यांनी पाहिले होते, आणि मुलाखतींत ते स्पष्टपणे सांगितलेही होते. किशोरीताईंनी स्वतःच्या अटी तोंडी मांडल्या, म्हणून त्या उर्मट वाटल्या. आज त्याच अटी रायडरच्या दोन पानांवर टाइप करून व्यवस्थापक आयोजकाला ईमेल करतो. आयोजक त्या निमूटपणे मान्य करतो आणि साउंडचेकसाठी दुपारी तीनलाच सभागृह उघडून ठेवतो.